अठरा पांढरे ब्लाउज

माझा उजवा पाय काटकोनात आहे. नडगी आणि पाऊल यांच्यातला कोन डॉक्टरांनी एकदाच ठरवला, तीन स्क्रू घालून पक्का केला, आणि आता मी मरेपर्यंत तो तसाच राहणार. पाऊल वर होत नाही, खाली होत नाही. बोटं हलतात, गुडघा हलतो. मधला घोटा तेवढा हाडाला हाड जोडून कायमचा बंद करून टाकलाय.

दुखणं गेलं, हे आधी सांगून टाकते, नाहीतर डॉक्टरांवर अन्याय होईल. आठ वर्षांपूर्वी गल्लीच्या पायऱ्यांवरून पाण्याची कळशी घेऊन पडले आणि घोटा मोडला. प्लास्टर झालं, पण हाड जुळताना थोडं वाकडं जुळलं आणि पुढची सगळी वर्षं सांधा आतून झिजत गेला. शेवटी शेवटी तर सकाळी खाटेवरून पाय खाली ठेवायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. ऑपरेशननंतर ते थांबलं. लोक विचारतात, "आता दुखत नाही ना?" मी नाही म्हणते, आणि तिथे विषय संपतो. दुखत नाही म्हणजे बाई बरी झाली, असा सगळ्यांचा हिशेब असतो.

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहतो. रस्त्यापासून घरापर्यंत पायऱ्या, उतार, पुन्हा पायऱ्या, आणि एकही पायरी दुसरीच्या मापाची नाही. चढताना उजवा पाय फळी उचलून ठेवावी तसा ठेवते. उतरताना आडवी होते, भिंतीला हात लावते आणि एकेक पायरी खेकड्यासारखी उतरते. मागून कॉलेजची पोरं धडाधड येतात, "आंटी, साइड द्या ना," म्हणतात. साइड द्यायलासुद्धा घोटा लागतो, हे त्यांना कुठून माहीत असणार? मलाही पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

उकिडवं बसायलाही घोटा लागतो. गल्लीच्या टोकाला सगळ्यांचे संडास आहेत, आणि तिथे उकिडवं बसण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. म्हणून मोरीत पडदा लावून भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची ठेवली. तिच्याखालचं भांडं पहिले तीन महिने नवऱ्याने उचलून नेलं. रोज, कामावर जायच्या आधी, वर वर्तमानपत्र झाकून. एका शब्दाने बोलला नाही. तो चिडला असता, निदान नाक मुरडलं असतं, तर मला भांडता तरी आलं असतं. त्याचं गप्प राहणं मी अजून विसरले नाही.

आणि बूट. तळ नावेसारखा गोल असलेला जाड बूट मला सांगितलाय. तो घातला की पाऊल पुढे कलंडतं आणि चालल्यासारखं चालता येतं. अनवाणी चालले की टाच आपटते आणि कळ थेट गुडघ्यात जाते. पण आपल्याकडे उंबऱ्यावर पायातलं काढायचं असतं. दुसऱ्याच्या घरात, विहारात, मयताच्या ठिकाणी बाईने बूट घालून शिरायचं कसं? मी काढते, आणि भिंत धरून लंगडत आत जाते. आता कुणाकडे जाणंच कमी केलंय.

पण हे सगळं सोसण्यासारखं होतं, आणि मी सोसलं. सोसलं नाही ते एकच, माझं मशीन.

मी बुलढाण्याकडची. लग्न करून मुंबईत आले तेव्हा वडिलांनी एक शिलाई मशीन दिलं होतं, पायाने चालवायचं. पुढे त्याला मोटर बसवली. या डोंगरावर सव्वीस वर्षं मी ब्लाउज शिवले. दुकान नाही, पाटी नाही. खिडकीजवळ मशीन, दारात बायका. आमच्या विहाराचं महिला मंडळ आहे, आणि बुद्ध पौर्णिमेला सगळ्या जणी पांढरी साडी, पांढरा ब्लाउज घालून वंदनेला बसतात. तो ब्लाउज दरवर्षी नवा, आणि दरवर्षी माझ्या हातचा. अध्यक्षीण पांढऱ्या कापडाचा एक ताका आणायची, मी सगळ्यांचे शिवायची. माझा धरून अठरा. पांढऱ्यावर काही लपत नाही. टीप जरा वाकडी गेली, एक जागा उसवून पुन्हा शिवली, की जुनी भोकं उजेडात दिसतात. सव्वीस वर्षांत मला पांढरा ब्लाउज उसवायची वेळ फार क्वचित आली. याचा मला गर्व होता, आणि तो मी कधी लपवलाही नाही.

ब्लाउज हाताने शिवतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी शिवलेला नसतो. हात फक्त कापड फिरवतात. शिवतो तो पाय. टाच जमिनीवर आणि चवडा पायडलवर, आणि घोट्यातून चवडा किती दाबायचा त्यावर सुई किती पळणार ते ठरतं. सरळ टीप असेल तर दाबून धरा, सुटा. पण मुंढा, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल, तिथे एक टाका घालायचा, थांबायचं, कापड केसभर वळवायचं, पुन्हा एक टाका. गळ्याच्या पट्टीलाही तसंच. हे मी डोक्याने कधी केलंच नाही. पाय करायचा आणि मी बाईशी गप्पा मारायची.

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी मला समोर बसवलं होतं. तरुण माणूस, घाई होती तरी नीट बोलला. म्हणाला, "ताई, दोन रस्ते आहेत. सांधा पक्का करून टाकायचा, म्हणजे दुखणं जाईल पण घोटा हलणार नाही. नाहीतर आत बनावट सांधा बसवायचा, तो थोडा हलेल, पण झिजू शकतो, पुन्हा उघडावं लागू शकतं. तुम्ही काम काय करता?"

आणि मी म्हणाले, "काही नाही. मी घरीच असते."

नवरा शेजारी बसला होता. त्यालाही ते खटकलं नाही. कसं खटकेल? पोरीच्या शाळेच्या फॉर्मवर, रेशनकार्डावर, शिरगणतीला आलेल्या मास्तरांपुढे आम्ही दोघांनी हेच उत्तर दिलंय. आमच्या गल्लीत कुणी पापड लाटतं, कुणी मण्यांच्या माळा ओवतं, कुणी चार घरचे डबे करतं. विचारा त्यांना. सगळ्या घरीच असतात. काम म्हणजे सकाळी डबा घेऊन बाहेर जाणं. घरात बसून जे होतं ते काम, हे आमच्या जिभेवरच येत नाही. डॉक्टरने मान डोलावली आणि कागदावर लिहिलं. मग म्हणाला, "मग पक्कंच करू. एकदाच काय ते होऊन जाईल."

तेव्हा मशीनचा विचार माझ्या मनात आला नाही. खरंच नाही आला. दुखणं जाणार एवढंच मी ऐकलं.

तीन महिने पाय टेकवायचा नव्हता. प्लास्टर निघालं, बूट आला, आणि एका दुपारी घरात कुणी नसताना मी मशीनवरचं कापड काढलं. एक चिंधी घेतली. चवडा पायडलवर ठेवला, दाबायला गेले, तर चवडा दाबतच नाही. दाबायचा तर सगळा पाय मांडीपासून उचलून खाली आणावा लागतो. तसा आणला आणि मशीन जे पळालं ते चिंधीच्या पलीकडे गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. एक तर बंद, नाहीतर पिसाटल्यासारखं. मधलं काही उरलंच नव्हतं. स्वतःला म्हटलं, सवय होईल, पाय अजून कच्चा आहे.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टर, मशीन चालवायला पाऊल कधी वाकेल?"

"कसलं मशीन?"

"शिलाईचं. मी ब्लाउज शिवते."

त्याने कागद उलटे केले. मग माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही तर घरीच असता म्हणालात."

"घरीच शिवते," मी म्हणाले.

त्याने कागद मिटले. मग सावकाश सांगितलं की आता हे उघडता येणार नाही, पावलाचे पुढचे सांधे वर्षभरात थोडे सैल होतील, तोवर डाव्या पायाने बघा. मी विचारलं, आधी सांगितलं असतं तर? म्हणाला, तुमच्या त्या पायऱ्या आणि पाण्याचं ओझं बघता कदाचित हेच केलं असतं. कदाचित. त्या माणसाने मला धीर द्यायला तो शब्द वापरला असेल. मी तो घेऊन घरी आले आणि अजून त्याच्यावरून स्वतःला शिव्या घालते.

डावा पाय मी शिकवायला घेतला. सरळ टिपा जमल्या. उशीचे अभ्रे, पिशव्या, साडीचा फॉल, एवढं येऊ लागलं. पण डाव्या पायावर आधीच सगळ्या अंगाचा भार. तासाभरात गुडघा सुजायचा. आणि गोलाई त्याला काही केल्या कळेना. दोन टाके जास्तच जायचे.

अशात एप्रिल आला. अध्यक्षीण, जिला मी लग्न झाल्यापासून ओळखते, ताका घेऊन वर आली. दम खात दारात बसली आणि म्हणाली, "बघ गं, जमेल तसं कर. घाई नाही."

पौर्णिमा महिन्यावर आली होती. घाई नाही म्हणजे काय? पण मी म्हणाले, "ठेव. करते."

लेक घरात होती. ती मरोळला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, बोलायला तिखट. अध्यक्षीण गेल्यावर म्हणाली, "आई, तू त्यांना सांगत का नाहीस?"

"काय सांगू?"

"जमत नाही म्हणून."

"तुला कुणी सांगितलं जमत नाही?" मी ओरडलेच.

आणि मग मी शिकाऊ पोरगीसुद्धा करणार नाही ती चूक केली. आधी एक शिवून बघायचा होता. मी सगळे अठरा कापून टाकले. कात्रीला पाय लागत नाही ना. टेबलाशी उभी राहून दोन दिवसांत सगळ्यांची मापं काढली, खडूने आखली, कापली. किती दिवसांनी हात मनासारखे चालले! मला वाटलं, कापलं की शिवावंच लागेल, मग पाय झक मारत शिकेल. शिवाय मी शिवणीला जास्तीचं कापड फार सोडत नाही, जेमतेम सोडते, कारण मला माझ्या टिपेची खात्री असते. असते म्हणजे होती. असे कापलेले तुकडे दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचे नसतात.

पहिला ब्लाउज अध्यक्षीणबाईचा घेतला. बाजू झाल्या, टक्स झाले, मुंढ्याला आले आणि डावा पाय घसरला. बाहीत एक फेंगडी टीप. उसवली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर गेली. तिसऱ्यांदा उसवताना कापडच फाटलं. दुसऱ्याला मी मोटर बंद केली आणि चाक उजव्या हाताने फिरवायला लागले. एक हात चाकावर, तर कापड वळवायला उरला डावा. पाच दिवसांत एक ब्लाउज झाला. तो मी खिडकीत धरून पाहिला. मुंढ्याभोवती भोकांची रांग आणि काखेत चुण्या. माझ्याकडे दुसऱ्या कुणी असा ब्लाउज दुरुस्तीला आणला असता, तर मी विचारलं असतं, कुठल्या गाढवाने शिवलाय हा?

तरी मी पंधरा दिवस थांबले नाही. नवरा आणि लेक बाहेर पडले की बसायची. ते यायच्या आत सगळं खाटेखाली ढकलायची. चार वाया गेले. एकदा सुई बोटात गेली आणि पांढऱ्यावर रक्त पडलं, ते धुवत बसले. मला भीती वाटत होती, आणि ती ब्लाउजांची नव्हती. या डोंगरावर मी कोण आहे, याचं माझ्याकडे हे एवढंच उत्तर होतं. कुणाची बायको, कुणाची आई, हे सगळ्याच असतात. ब्लाउजवाली मी एकटी होते.

पौर्णिमेला पाच दिवस राहिले तेव्हा मी हरले. सगळे तुकडे, फाटलेले आणि कोरे, एका पिशवीत भरले आणि अध्यक्षीणबाईच्या घरी निघाले. ती खाली रस्त्याजवळ राहते. उतरायला अर्धा तास लागला. सगळ्या वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते. तुम्हा सगळ्यांचं कापड मी नासवलं, सण तोंडावर आला, आता काय ते बोला मला. ती चिडेल, चार शब्द सुनावेल, आणि मी ऐकून घेईन. मला ते हवंच होतं.

तिने दार उघडलं, पिशवी बघितली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "अगं, तू कशाला उतरलीस एवढं? बस, बस आधी."

मी बसले आणि सांगितलं. सगळं. ऐकताना ती माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. मग म्हणाली, "राहू दे गं. नको जीवाला लावून घेऊस. आपले सगळ्यांचे शिवून झालेत."

मला कळेना. "कुठे झालेत?"

"ती खालच्या नाक्यावर नवीन बाई आलीय ना, तिच्याकडे. महिना झाला देऊन. दुसरा ताका घेतला."

"मग मला कशाला दिलंत?"

तिने माझा हात धरला. "तुला वाईट वाटलं असतं ना गं. सव्वीस वर्षं तू शिवतेस. एकदम कसं नाही द्यायचं? आम्ही बायकांनी बसून ठरवलं, हिला पण देऊ. होईल तेवढं होईल."

मग ती उठली, कपाटातून घडी केलेला एक पांढरा ब्लाउज आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "हा तुझा. तुझ्या पोरीने तुझा जुना आणून दिला होता मापाला."

मला एवढा राग आला की कानात गरम झालं. पण चिडायचं कुणावर? त्यांनी वाईट काहीच केलं नव्हतं. सतरा बायकांनी मिळून माझी काळजी घेतली होती. मी पंधरा दिवस ज्याच्यासाठी जीव काढत होते, त्याची कुणालाच गरज नव्हती. आणि हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, माझ्या घरातसुद्धा. चहा न घेताच उठले. चढताना मध्ये दोनदा बसावं लागलं.

संध्याकाळी लेक आली तेव्हा ब्लाउज खाटेवर पडलेला होता. तो बघून ती जागच्या जागी थांबली.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"आई, मी रोज घरी आले की खाटेखाली बघायचे." ती खाटेपाशी खाली बसली. "मी तुला कसं सांगणार होते? तू ऐकलं असतंस का?"

ऐकलं नसतं. ते तिला मी बोलून दाखवलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी मी मोरीत पडद्याआड तो ब्लाउज घातला. सव्वीस वर्षांत दुसऱ्याच्या हातचा पहिलाच. मला पक्की खात्री होती की तो काखेत काचणार, खांद्यावर चढणार, गळा उघडा पडणार. मी खोड काढायला टपून बसले होते. हात वर केला. पुढे केला. मागे नेला. मुंढ्यावरून बोट फिरवलं. टीप बारीक होती, सारखी होती, एकही चुणी नव्हती. जिने कुणी शिवला होता तिचा पाय चांगला होता.

पडद्याबाहेरून लेकीने विचारलं, "आई, बसला का गं नीट?"

"बसला," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिला खरंच हायसं वाटल्याचं मला ऐकू आलं. मला तो अंगावरच टराटरा फाडावासा वाटला. तोच घालून मी विहारात गेले, दारात बूट काढला, आणि सगळ्या जणी खाली बसल्यावर मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.